सुपाचं तोंड

१८९६च्या सुगीत कडावातलं निम्मं गाव हिरामणच्या अंगणात लोटलं होतं. कोंडाजी भगतानं चिमटीत दोरा धरून सूप लटकवलं. सूप गरगर फिरलं आणि त्याचं तोंड नेमकं हिरामणच्या थोरल्या बायकोसमोर, सुंदरासमोर थांबलं.

"हिनंच धाकटीवर करणी केली," भगत म्हणाला. "बारा वाड्यांची भुतं माझ्या सुपात नांदतात. ती कदी चुकत नाय."

बायका मागं सरकल्या. गावाबाहेर काढायची भाषा सुरू झाली. सुंदरालाही ते खरंच वाटलं. सवत गौरा घरात आल्यापासून ती जळत होती. दुधावरची साय गौराला, नवं लुगडं गौराला, नवऱ्याचं हसणंसुद्धा गौरालाच. हिचं वाटोळं होवो, असं ती चुलीपुढं कितीदा मनात म्हणाली होती. वर्षभरात गौरा वाळली, तिचं अन्न तुटलं, पाय सुजला. परवा भाकरी थापता थापता तिचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. सूप फिरलं त्याच संध्याकाळी ती वारली.

पोलीस पाटलाला विषाचा संशय आला. त्यानं प्रेत बैलगाडीतून कर्जतच्या दवाखान्यात धाडलं आणि निकाल येईस्तोवर सुंदराला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले.

"विष नाही. पोटात मुठीएवढी जुनी गाठ होती. असल्या गाठीनं रक्त अंगातच गोठतं. हृदयाच्या झडपेवर गोठलेल्या रक्ताचे मसुरीएवढे कण धरले होते. पू नव्हता, सडलेलं काही नव्हतं. एक कण सुटून मेंदूच्या रक्तनळीत अडकला, म्हणून अंग गेलं."

"गाठ हिनंच घातली," भगत म्हणाला.

"मग डोळे बांधून सूप फिरव."

डोळे बांधल्यावर डॉक्टरांनी खुणेनं सुंदराला बाजूला घेतलं, तिच्या जागी पोलीस पाटलाला उभं केलं. सूप फिरून तिथंच थांबलं.

"हीच ती रांड," भगतानं ठणकावलं. पाटलाच्या मिशा थरथरल्या, आणि अंगण हसत सुटलं.

"चिमटीत दोरा वळला की सूप वळतं," डॉक्टर म्हणाले. "माणूस असं वाळायला लागलं, तर सूप टांगू नका, दवाखान्यात आणा. गौरा वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण निदान दुसरी बाई तरी देशोधडीला लागणार नाही."

सुंदरा पुढं आली. "डाक्तर, मी तिचं वाईट चिंतलं व्हतं."

"चिंतल्यानं झडपेवर कण धरत नाहीत, बाई. धरले असते तर या अंगणात कोण उरलं असतं?"

संध्याकाळी हिरामण ओट्यावर बसून गौरासाठी हमसून रडत होता. आपण मेलो तर हा एवढा रडेल का, असं सुंदराच्या मनात आलं, आणि ती मेलेल्या सवतीवरही जळली. पण या वेळी ती स्वतःला भ्याली नाही.