दुसरीच्या तोंडी

घाटंजीच्या तहसील कचेरीत वामनराव मोहरील नाझर होते. त्यांच्या घरात 'मला', 'तुला' असंच बोलायचं, असा दंडक होता. त्यांची थोरली मुलगी रत्नप्रभा कधी चुकून 'मले' म्हणाली, तर वामनराव ताटावरून मान वर करून बघत आणि ती वाक्य पुन्हा म्हणे. शाळेत मात्र ती भागीरथाशेजारी बसे. भागीरथा जवळच्या खेड्यातून पायी येई. तिच्याशी रत्नप्रभा दिवसभर तिच्याच वऱ्हाडी बोलीत बोलत असे आणि घराच्या फाटकाशी आली की जीभ बदलत असे. पुढे भागीरथाचं सातवीत शिक्षण सुटलं, लग्न झालं. नवरा घरजावई म्हणून आला, त्यामुळे ती आपल्याच खेड्यात राहिली.

रत्नप्रभा वीस वर्षांची असताना राज्य नाट्यस्पर्धेसाठी नागपूरला गेली आणि तिथून परस्पर पुण्याला. वामनरावांनी नंतर तिचं नाव घरात काढू दिलं नाही. पुण्यात तिनं नऊ-दहा वर्षं गंभीर नाटकं केली. तिच्या एका भूमिकेला प्रेक्षक मध्यंतरात चहालाही उठत नसत, असं तेव्हाचे लोक सांगतात. नाटकात पोट भरत नव्हतं, म्हणून तिनं एका विनोदी चित्रपटात मोलकरणीचं लहानसं काम घेतलं. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही तिकडच्या ना? मग तुमच्या त्या भाषेत बोला. मजा येईल."

ती बोलली. मोलकरणीचं नाव होतं गोदी. गोदीनं तोंड उघडलं की थिएटर डोक्यावर घेतलं जाई. पुढची चोवीस वर्षं रत्नप्रभा गोदीच होती. नाव बदलायचं, मालकीण बदलायची. लुगडं, झाडू आणि 'मले' तेच. तिचं लग्न झालं, ते टिकलं नाही. मूल नव्हतं. ठाण्यात दोन खोल्यांचं घर झालं. गंभीर भूमिकेसाठी तिनं किती जणांना विचारलं असेल, त्याला गणती नाही. सगळे हसून म्हणायचे, "बाई, तुम्ही रडायला लागलात तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

वामनराव गेले तेव्हा ती कोल्हापूरकडे चित्रीकरणात होती. धाकट्या भावाचा, अमरचा फोन आला तो तेरावं झाल्यावर.

मग ती वर्षं आली. घाटंजीच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येऊ लागलं. कापसाचा भाव, बोंडअळी, आणि औषध पिऊन गेलेल्यांची नावं. मुंबईहून पत्रकार येत, पुढारी येत, आणि त्यांच्या मागोमाग सिनेमावालेही आले. पियूष नावाच्या एका तरुण दिग्दर्शकानं रत्नप्रभाला घरी येऊन गाठलं. त्यानं लहानपणी वडिलांबरोबर तिची पुण्यातली नाटकं पाहिली होती.

"आईची भूमिका आहे," तो म्हणाला. "मुलाचं प्रेत अंगणात आणलंय आणि ती शेतातून येते. सगळा चित्रपट त्या प्रसंगावर उभा आहे. तुमच्याशिवाय कुणाला ती बोली येत नाही."

रत्नप्रभा तेव्हा चौपन्न वर्षांची होती. तो गेल्यावर ती बराच वेळ संहिता मांडीवर घेऊन बसून राहिली. उघडून पाहायचीही तिला भीती वाटत होती.

चित्रीकरण ठरलं ते नेमकं भागीरथाच्या गावी. रत्नप्रभा घाटंजीला अमरकडे उतरली. त्यानं मागची खोली झाडून ठेवली होती. तो फारसं बोलला नाही, पण सकाळी तिच्यासाठी स्वतः पाणी तापवलं. भागीरथाचा नवरा दोन वर्षांपूर्वी औषध पिऊन गेला, हे तिला त्यानंच सांगितलं.

चित्रीकरणाच्या दिवशी अंगणात अख्खं गाव गोळा झालं होतं. गर्दी म्हणून गावकरीच घेतले होते. तिरडी मांडली होती. प्रेत झालेला नट पांढऱ्या कापडाखाली डोळे मिटून पडला होता. रत्नप्रभा ओटीत वेचलेला कापूस घेऊन आली, थबकली. ओटी सुटली. ती तिरडीच्या पायथ्याशी बसली, मुलाच्या तळव्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, "मले सांगतलं बी नाई रे, बापू."

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

हसणाऱ्या बाईनं लगेच पदर तोंडावर दाबला. पण तिच्या शेजारचीही हसली, मग पोरं हसली, मग पारावरची म्हातारी माणसं. पियूष ओरडला. पुन्हा सगळं मांडलं. पुन्हा ती आली, बसली, 'मले' म्हणाली, आणि पुन्हा हसू फुटलं. तिसऱ्या वेळी लोक खाली माना घालून, ओठ चावून उभे होते, तरी त्यांचे खांदे हलत होते. एक म्हातारा हात जोडून पुढे आला. "बाई, माफी द्या. आमच्या घरातूनच मागच्या साली एक पोरगं गेलं. आमाले का समजत नाई? पण तुमी दिसल्या का हासूच येते, बाप्पा."

"मी बोलत नाही," रत्नप्रभा पियूषला म्हणाली. "नुसती बसते. एकदा करून पाहू."

ती नुसती बसली. एक शब्द बोलली नाही. एवढ्या वर्षांत ज्या रडण्यासाठी तिनं स्वतःला राखून ठेवलं होतं, ते रडली. तरी कुंपणाजवळून हसू आलंच.

संध्याकाळी पियूष अमरच्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला. "हे लोक हसले म्हणजे सगळीकडचे हसतील," तो म्हणाला. "दोष माझा आहे. मी तुमची नाटकं डोळ्यांपुढे ठेवली. बाकीच्यांनी ती पाहिलेलीच नाहीत."

"कोण येणार आता?"

"अर्पिता म्हणून आहे मुंबईची. चाळिशीची. आईऐवजी बायको करू."

"चांगली आहे ती," रत्नप्रभा म्हणाली आणि त्याला चहा घेणार का विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती भागीरथाकडे गेली. भागीरथा वाळून गेली होती, केस पांढरे झाले होते. तिनं रत्नप्रभाला बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली.

"खाली काहून बसतेस व? वर ये."

"राहू दे. इथीसा बरं आहे." भागीरथा जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "रत्ना, थ्या गर्दीत मीबी होती."

"पाहिलं मी तुला."

"मीबी हासली. सगळ्यायच्या आधी मीच हासली."

जमिनीवरच्या रेघा भागीरथानं तळव्यानं पुसल्या.

"थो गेल्यापासून हासली नव्हती मी. अंगावर काटा आला माह्या. मले वाटलं, हे कोण हासून राह्यलं? तं मीच." तिचे डोळे कोरडेच होते. "तुहं वाईट केलं मी. पण मले त्या रात्री झोप आली, रत्ना. खरं सांगतो."

रत्नप्रभा बाजेवरून उतरली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. नवरा गेला त्या दिवशी काय झालं, ते तिनं विचारलं. भागीरथानं सांगितलं. ती रडली नव्हती. माणसं त्याला घरात आणत होती तेव्हा ती त्याच्यावर ओरडली होती की बैल सोडायचे राहिले, आता कोण सोडणार. आयाबायांनी तिला धरलं, तरी ती बैलांचंच बोलत होती. हे सगळं तिनं एका सुरात, बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"त्याले हाक मारली मी," ती शेवटी म्हणाली. "जोरात नाई. जसी रोज मारो तसीच."

रत्नप्रभा ठाण्याला परतली. चार-पाच महिन्यांनी पियूषचा पुन्हा फोन आला. चित्रपट पुरा झाला होता. अर्पितानं जीव ओतून काम केलं होतं, पण तिच्या तोंडी ती बोली शिकवलेल्या पोपटासारखी वाटत होती. आवाज दुसऱ्या कुणाचा घालावा लागणार होता.

"अर्पितानंच तुमचं नाव सुचवलं," पियूष म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो."

ती म्हणाली, "कधी येऊ?"

ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत, कानावर हेडफोन लावून ती उभी राहिली. समोर पडद्यावर अर्पिता कापूस सांडत होती, तिरडीशी बसत होती. रत्नप्रभा गोदीच्या उंच पट्टीत बोलली नाही. रडलीही नाही. भागीरथा बोलली होती तशी बोलली, सपाट, रोजच्यासारखी. पहिल्याच खेपेला ते जमलं. काचेपलीकडे अर्पिता बसली होती. ती उठून बाहेर निघून गेली, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं रत्नप्रभाचे दोन्ही हात धरले.

चित्रपट घाटंजीच्या टॉकीजला लागला तेव्हा अमरनं बहिणीला बोलावून घेतलं. रत्नप्रभा भागीरथाला घेऊन मागच्या रांगेत बसली. खेड्याखेड्यांतून माणसं आली होती. अंगणाचा प्रसंग आला. "मले सांगतलं बी नाई व थ्यानं," अर्पिताचे ओठ हलले आणि रत्नप्रभाचा आवाज टॉकीजभर पसरला.

कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगांतून आधी एक हुंदका आला, मग कितीतरी. पुरुष उपरण्यानं नाक पुसत होते. ज्या म्हाताऱ्यानं हात जोडले होते, तो दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

भागीरथानं अंधारात तिच्याकडे वळून पाहिलं. "हा तं तुहा आवाज आहे."

"हो."

"मंग तोंड काहून दुसरीचं?"

"माझ्या तोंडाला लोक हसतात ना."

भागीरथानं रत्नप्रभाचं मनगट घट्ट धरून ठेवलं, दिवे लागेपर्यंत.

बाहेर पडताना दाराशी बायका डोळे पुसत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीची नजर रत्नप्रभावर पडली आणि तिचा रडवेला चेहरा एकदम उजळला. "अव, गोदी!" ती ओरडली. सगळ्या जमल्या. कुणी हात धरला, कुणी पोराला पुढे केलं. "बोला न बाई काहीतरी. लय रडून आलो आमी."

रत्नप्रभानं भागीरथाकडे पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवून तिनं गोदीचं एक वाक्य म्हटलं. बायका हसल्या. रस्त्यापर्यंत हसत गेल्या.

त्या वर्षी अर्पिताला मोठा पुरस्कार मिळाला. अमरकडे आली असताना त्याच्या टीव्हीवर तो सोहळा रत्नप्रभानं पाहिला. "विदर्भातल्या बायकांचं दुःख मी माझ्या गळ्यात उतरवलं," असं अर्पिता बोलून गेली. रात्री तिचा फोन आला. ती फोनवर रडत होती. "बाई, लिहून नेलं होतं मी तुमचं नाव. समोर एवढे लोक पाहिले आणि सगळं विसरले."

"विसरतं माणूस," रत्नप्रभा म्हणाली. "जेवलीस का?"

ठाण्याला गेल्यावर तिनं मोलकरणीची कामं नाकारली. दोन-तीन निर्मात्यांनी समजूत घालून पाहिली, मग फोन येणं थांबलं. पडद्यावर ती पुन्हा दिसली नाही. दुसऱ्यांना आवाज देण्याची कामं मात्र मिळत गेली. कधी माहितीपटातल्या एखाद्या म्हातारीला, कधी जाहिरातीतल्या शेतकरणीला. दिवाळीला ती अमरला फोन करी आणि भागीरथाचं कसं चाललंय ते विचारी.

पाच वर्षांनी एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, 'ज्येष्ठ विनोदी अभिनेत्री' म्हणून.

भागीरथाला ते अमरनं बाजाराच्या दिवशी सांगितलं. ती मिरच्या घेत होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली.

"लय तरास झाला का तिले?"

"नाही. झोपेतच गेली."

"जवळ कोण होतं?"

"अर्पिता होती. ती सिनेमातली. शेवटचे आठ दिवस तीच होती दवाखान्यात."

भागीरथानं मान हलवली. मिरचीवालीनं पुन्हा भाव सांगितला, तो तिला ऐकू आला नाही. मग तिनं पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि गावाकडची गाडी लागली होती तिकडे चालू लागली. अमर तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेला. तिला खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा होता, पण तिनं बाहेर पाहिलं नाही.