फ्रिजवरच्या लाल फुल्या

आई राहायला आल्यापासून मुलगा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज एक लाल फुली मारत होता. एकशे त्र्याऐंशी दिवस भरले, की तिला या देशातही कराचं रिटर्न भरावं लागणार होतं. आज एकशे ब्याऐंशीवी फुली पडली आणि संध्याकाळचं विमान होतं.

रविवारी नातीचं नाटक होतं. "चार दिवस राहू दे की रे," असं आईने तीनदा विनवलं होतं. "नियम म्हणजे नियम, आई. नसती झंझट नको," एवढंच त्याचं उत्तर. आयुष्यभर शाळा धाकात ठेवलेली ही हेडमास्तरीण दातओठ खात बॅग भरत होती.

तेवढ्यात कर सल्लागाराचा फोन आला. मुलाने तो स्पीकरवर टाकला.

"आल्याचा दिवस धरलात ना?"

"रात्री अकराला तर उतरली ती!"

"तासभर असला तरी अख्खा दिवस धरतात, साहेब. आज एकशे त्र्याऐंशी झाले. पेन्शनसकट सगळं इथे दाखवावं लागेल."

मुलाने कपाळावर हात मारला. आईने बॅगेची चेन खस्सकन उघडली. "रिटर्न भरायचंच आहे, तर नाटक बघूनच जाते."

"अगं, पण..." तो खाली मान घालून म्हणाला, "तुझ्या खोलीत उद्या भाडेकरू येतोय. दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय."

आईने लाल पेन उचललं आणि रविवारवर अशी फुली ओढली, की कागद टरकन फाटला.

"सांग त्याला, खोली रिकामी नाही. सरकारच्या हिशेबी आजपासून मी इथलीच रहिवासी आहे!"