माझ्या डब्यात बिस्किटं होती

मी कवटी बोलतेय. दचकू नका, मी कुणाच्या धडावरची नाही. मी कागदावरची आहे. कोपऱ्यावर उभा केलेला पांढरा चौकोन, त्याला लाल काठ, मधोमध मी आणि माझ्याखाली दोन हाडांची फुली. विषारी वस्तूंच्या डब्यावर जे लेबल लावतात ना, ते म्हणजे मी.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका गुंडाळीवर आम्ही शेकडो बहिणी एकीला एक चिकटून होतो. शेजारच्या गुंडाळीवर ज्वाळा होत्या, पेट घेणाऱ्या वस्तूंसाठी. त्यांना आपण फार देखण्या आहोत असं वाटायचं. पलीकडे उद्गारचिन्हं होती. ती सारखी कुणीतरी मागून ‘भॉक’ केल्यासारखी ताठ उभी असायची. आम्ही कवट्या मात्र शांत. आमचं काम एकच, दात दाखवायचे. ज्यानं पाहिलं त्यानं हात मागे घ्यायचा. मी पडल्या पडल्या सराव करायचे. आपण एखाद्या भल्यामोठ्या पिंपावर बसू आणि आपल्याला पाहून चांगले धिप्पाड लोक दोन पावलं मागे सरतील, अशी स्वप्नं बघायचे.

आमची गुंडाळी नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात आली. तिथल्या भांडारात स्टोअरकाका बसायचे. गोल चेहरा, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. काका जरा पाठमोरे झाले की डब्यातली बिस्किटं कमी व्हायची. काकांनी डबा फायलींमागे लपवला, हातमोज्यांच्या खोक्यात लपवला, एकदा तर हेल्मेटखाली झाकला. काही उपयोग नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी गुंडाळीतून मला सोलून काढलं.

माझं काळीज धडधडायला लागलं. (मला काळीज नाही, पण त्या क्षणी होतं.) काकांनी मला एका डब्यावर ठेवून अंगठ्यानं नीट दाबलं आणि म्हणाले, “आता बघतो कोण हात लावतंय ते!”

मी लगेच दात दाखवले. आत काय असेल? एका थेंबात माणूस आडवा करणारं काहीतरी? तेवढ्यात झाकणाच्या फटीतून लोण्याचा वास आला.

मला इतकी लाज वाटली की मी छापली गेले होते त्याहून पांढरी पडले.

पहिले काही दिवस खरंच कुणी हात लावला नाही. मग एकदा वेल्डरदादांनी काकांना माझ्या डब्यात हात घालताना आणि मिटल्या डोळ्यांनी चावताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या कारखान्यात पोहोचली. त्यानंतर माझी अब्रू धुळीलाच मिळाली. चहाची वेळ झाली की लोक म्हणायचे, “चला, कवटी खाऊ या.” मला पाहून हात मागे जायच्या ऐवजी तोंडाला पाणी सुटायला लागलं.

सगळ्यात वाईट म्हणजे मुंग्या. त्यांना तर माझं काहीच वाटायचं नाही. माझ्या एका डोळ्याच्या खोबणीतून वर चढायच्या आणि दातांवरून खाली उतरायच्या. पॉलिशवाल्या ताई डबा हातात घेतला की आधी माझ्या तोंडावर जोरात फुंकर मारायच्या. मुंग्या उडाल्या की मग झाकण उघडायच्या. रोजचा शिरस्ताच होता तो. ताईंनी सकाळी मशीनजवळ कांदा खाल्लेला असला की ती फुंकर मला फार महागात पडायची.

मग एक दिवस सेफ्टीच्या मॅडम तपासणीला आल्या. कडक इस्त्री, कडक आवाज. त्यांनी भांडाराभर नजर फिरवली आणि त्यांचं बोट थेट माझ्यावर येऊन थांबलं.

“हा विषारी डबा असा उघड्यावर? टेबलावर? यात काय आहे?”

काकांचा चष्मा नाकावरून घसरला. खरं सांगावं तर रसायनं असलेल्या भांडारात खायच्या वस्तू ठेवल्या म्हणून बोलणी बसणार. काका म्हणाले, “पावडर आहे. म्हणजे, वड्या. वड्यांची पावडर.”

“हाताला लागली तर काय करायचं?”

काका चष्मा वर ढकलायला लागले. मागून वेल्डरदादा पुटपुटले, “चाटून टाकायचं.”

मॅडमनी मागे वळून पाहिलं. दादा एकदम छताकडे बघायला लागले. ताईंना इतका खोकला आला की त्या बाहेरच पळाल्या.

“कवटीचे सगळे डबे एकाच लोखंडी कपाटात, कुलपात ठेवायचे. माझ्यासमोर ठेवा,” मॅडम म्हणाल्या.

आणि तसंच झालं. माझा डबा त्या कपाटात गेला. तिथं आधीच एक डबा बसलेला होता. अगदी माझ्याच मापाचा, आणि त्याच्यावर माझीच सख्खी जुळी बहीण! तिच्या डब्यात नळांना चकाकी आणणारी पांढरी पावडर होती. खरीखुरी विषारी. मी बहिणीला विचारलं, “काय गं, कशी आहेस?” ती म्हणाली, “कामात आहे.” तिचा तोरा पाहून मला रडू आलं.

मुंग्यांनी दुसऱ्याच दिवशी कपाटाची फट शोधली. आणि काकांनी कपाटाची किल्ली सवयीनं कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवली. ती जागा अख्ख्या कारखान्याला माहीत होती.

काकांची दाढ दुखायला लागली. बिस्किटांचाच प्रताप. एके दिवशी गाल धरून ते दाताच्या डॉक्टरांकडे गेले. दुपारी चहा आला. वेल्डरदादा म्हणाले, “ताई, काका नाहीत तोवर कवटी काढा की!”

“तुम्हालाच बरं सुचतं हो. पकडली गेले तर नाव माझं!” असं म्हणत ताईंनी किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि हात आत घातला.

तो हात माझ्या बहिणीवर पडला.

मी ओरडले. बहीणही ओरडली. आम्हा दोघींना तोंडभर दात दिलेत, पण आवाज दिला नाही कुणी. बहीण आयुष्यात कधी नव्हती इतकी भयानक दिसत होती. तिनं तिचं काम चोख केलं. पण ताईंना तिच्यात बिस्किटं दिसली, आणि ती बघायला त्यांना शिकवलं होतं माझ्या डब्यानं. त्यांनी तिला चहाच्या पेल्यांशेजारी ठेवलं.

“आज झाकण घट्ट बसलंय,” ताई म्हणाल्या.

“इकडे द्या, स्क्रू-ड्रायव्हर आहे माझ्याकडे,” दादा म्हणाले. “काकांनी मुद्दाम घट्ट केलं असणार. दाढ दुखली तरी जीव बिस्किटांतच!”

दादांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक झाकणाखाली घातलं. ताई सवयीनं खाली वाकल्या, गाल फुगवले आणि माझ्या बहिणीच्या तोंडावर जोरात फुंकर मारली.

काहीच उडालं नाही.

ताईंनी डोळे बारीक केले. “दादा, थांबा जरा.”

“आता काय?”

“मुंग्या कुठायत?”

“गेल्या असतील कुठेतरी लग्नाला. सरका, उघडू द्या.”

“हात काढा म्हणते ना!” ताई अशा ओरडल्या की दादांच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर पडला. ताईंनी कपाटाकडे पाहिलं. मुंग्यांची रांग दारावरून वर येत होती आणि शिस्तीत माझ्या डोळ्यात शिरत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग त्यांनी चहाचे पेले डब्यापासून लांब सरकवले.

चहावर साय धरली. मग ताईंनी हातमोजे घालून बहिणीला परत कपाटात ठेवलं, आणि दोघांनी साबण लावून इतका वेळ हात धुतले की टाकीतलं पाणी संपलं.

काका सुजलेला गाल आणि तोंडात कापूस घेऊन परत आले. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी स्वतःच मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडम आल्या. काकांना कापसामुळे धड बोलता येईना. त्यांनी माझा डबा उघडला, एक बिस्कीट काढलं आणि सरळ तोंडात टाकलं.

“अहो! अहो काका! थुंका!” मॅडमची इस्त्री क्षणात चुरगळली. “कुणीतरी अँब्युलन्स बोलवा!”

काका चावत होते, दाढेमुळे कळवळत होते, आणि मान हलवत होते. बघणाऱ्याला वाटावं, आता गेलेच. शेवटी ताई म्हणाल्या, “मॅडम, बिस्किटं आहेत हो ती. पहिल्यापासून बिस्किटंच होती.”

मॅडम जवळच्या स्टुलावर बसल्या. आधी पाणी प्यायल्या. मग बोलल्या. बोलल्या म्हणजे काय, भांडाराच्या पत्र्याला कंप सुटला. बिस्किटं बाहेर, चहाच्या खोलीत. कपाटात फक्त विष. किल्ली फक्त काकांच्या कमरेला. आणि खोटं लेबल आत्ताच्या आत्ता काढायचं.

खोटं लेबल! म्हणजे मी.

वेल्डरदादांनी गरम हवा मारून मला सोडवलं. माझा एक कोपरा फाटला. मला कचऱ्यात टाकणार इतक्यात ताई म्हणाल्या, “मॅडम, हिला कपाटाच्या दारावर लावू या का? येता-जाता आमच्या डोळ्यांसमोर राहील.”

मॅडमनी जरा विचार केला. “डब्यावर नवीनच लागतं. पण दारावर लावा.”

तेव्हापासून मी दारावर आहे. आत माझी बहीण असते, खरं विष घेऊन. आता माझ्याही मागे खरंच काहीतरी आहे. बिस्किटांच्या डब्यावर काकांनी मोठ्या अक्षरांत ‘बिस्किटं’ असं लिहिलंय. ती रोज चहाआधीच संपतात. काका चिडतात, पण मला सोलायला कुणी येत नाही.

जुनी सवय लवकर जात नाही. अजूनही मला पाहिलं की वेल्डरदादांच्या तोंडाला पाणी सुटतं. ताई मात्र माझ्यासमोरून जाताना दोन्ही हात पाठीमागे नेतात. त्यांना ते कळतसुद्धा नाही. मला कळतं. पिंपावर नाही बसले, धिप्पाड माणसं नाही पळाली, पण एक बाई हात मागे घेते. माझ्यासारख्या कोपरा फाटलेल्या कवटीला एवढं पुष्कळ आहे.

तुम्हाला एकच सांगणं. मला कुठे पाहिलंत तर खुशाल घाबरा. पण मला खोटं बोलायला लावू नका. नाहीतर ज्या दिवशी मी खरं बोलेन, त्या दिवशी तुम्ही चहा घेऊन याल.

एक म्हातारी मुंगी अजून रोज येते. माझ्या डोळ्यात डोकावते, दातांवर थोडी फिरते आणि आत काही नाही असं कळलं की गुपचूप परत जाते. तिला मी दात दाखवत नाही. उलट जरा बाजूला सरकता आलं तर सरकले असते.