नावेला पाजलेले पाणी

माघी पौर्णिमेच्या दुपारी, वारा नसताना, कृष्णेच्या स्थिर पाण्यात वाळकेघाटची नाव उलटली. नावेला कुठेही छिद्र नव्हते. सोळा माणसांच्या त्या नावेत नावाड्यासह नऊ माणसे होती; त्यातली एक बाई बुडून मेली. त्याच सकाळी तीच नाव चौदा ऊसतोड मजुरांना सुखरूप पलीकडे सोडून आली होती.

तहसील कार्यालयातून तपासणीच्या विनंतीसह आलेला हा मजकूर विजयसिंह इंगवल्यांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. एकतीस वर्षे त्यांनी बुडालेल्या जहाजांची तपासणी केली होती. निवृत्तीनंतर शाहूपुरीत घर घेताना समुद्र जितका लांब तितका बरा, एवढेच त्यांनी पाहिले होते. प्रत्येक बुडालेल्या जहाजाचा अर्थ लोक पहिल्याच दिवशी लावून मोकळे होतात; खरे कारण सापडायला महिने जातात, आणि सापडते तेव्हा ते कोणालाच नको असते. या गोष्टीचा त्यांना कंटाळा आला होता. तरी ते शिरोळची एसटी पकडून निघाले.

वाळकेघाटात अर्थ लावून झालाच होता. तो सरपंच बाळासोंनी चहाबरोबरच पुढे केला.

"सायेब, कारण कशाला हुडकताय? गावाला ठावं हाय. दरसाल माघात बायका मधल्या डोहात माईची ओटी सोडत्यात. सातजणींनी सोडली. आठवी ढिम्म बसून ऱ्हायली. माईला राग येणार न्हाय तर काय?"

"आठवी कोण?"

"मीनाबाई. दुसरं कोण असणार?"

"राग मीनाबाईवर, आणि बुडाल्या त्या ओटी सोडणाऱ्या शालूबाई. हा हिशेब मला समजला नाही."

"त्ये तुमी माईलाच इचारा की," बाळासो म्हणाले, आणि पारावरची माणसे हसली.

मीनाबाई घाटाच्या वाटेवर उभीच होती. पन्नाशीची, काटक. पाठीमागे दळणाचा डबा, भरलेला.

"बारा दिवस झालं, गिरणीत माझं दळण घेत न्हाईत. शेतात भांगलणीला कोण हाक मारत न्हाई. मी आपली पलीकडं खुरपायला चाललोतो, सायेब. आमच्यात ओटी सोडत न्हाईत, दीक्षा घेतली त्या छप्पन्न सालापास्नं न्हाई. इतकी वर्सं माई गप होती, आताच बरी रागावली?" तिने डब्यावर हात ठेवला. "तुमच्या कागदावर काय येतंय, त्यावर माझं दळण हाय बघा."

"कागदावर जे झालं तेच येईल."

"तेवढंच लिवा. जास्तीचं न्हाई."

नाव काठावर ओढून ठेवली होती. फायबरची, सपाट तळाची, दोन वर्षांपूर्वी गावाला मिळालेली. शेजारी नावाडी आकाराम अंबी उकिडवा बसला होता. सत्तरीचा हा माणूस चाळीस वर्षे लाकडी नाव चालवून मग हिच्यावर आला होता. बुडालेली शालूबाई त्याची बायको. ती उलटलेल्या नावेखाली सापडली होती.

विजयसिंहांनी सवयीने एकेक शक्यता खोडत नेली. बंधाऱ्याला पाणी अडवणारे बरगे घातलेले, म्हणजे पाण्याला ओढ नाही. वारा नाही. तळ अखंड. भार निम्मा. ओटी सोडताना बायका एका अंगाला वाकल्या हे खरे, पण गेल्या माघात याच नावेत नऊजणी वाकल्या होत्या आणि साडीचा काठसुद्धा भिजला नव्हता.

मग त्यांनी तळापासून वीतभर उंचीवर, कडेला फटी सोडून ठोकलेला प्लायवूड उचकटला. खाली, नावेच्या आतल्या बाजूने, गाळाची एक रेघ सगळीकडे फिरली होती. सारख्या उंचीवर. त्यांनी पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर.

"आकाराम, नावेत पाणी कोण ओततं?"

"मीच की." त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही. "नाव पाजाय लागती. उन्हात लाकूड वाळलं की फळ्या आक्रसत्यात, सांदी उघडत्यात. म्हणून दुपारी आत पाणी मारायचं. चाळीस वर्सं पाजली म्हणून टिकली ती."

"ही फायबरची आहे. हिला तहान लागत नाही."

"म्हाईत हाय. पर उन्हात कोरडी बघवत न्हाई. दोन बादल्या घालतो रोज."

"आणि काढता कधी?"

"पैलं बायका बोंबलायच्या, पाय भिजत्यात म्हणून. मग उपसायचो. सरपंचानं ह्यो प्लाय ठोकल्यापास्नं..." त्याचा आवाज हळू झाला. "महिनाभर वल्हं जड लागत हुतं. म्हटलं, वय झालं."

प्लाय ठोकून त्या दिवशी सत्तावीस दिवस झाले होते. दोन बादल्या म्हणजे वीस लिटर. सत्तावीस दिवसांचे पाचशे चाळीस. नावेचा तळ सहा चौरस मीटर, त्यावर एवढे पाणी उभे राहते नऊ सेंटिमीटर. उत्तर रेघेवर तंतोतंत बसले. विजयसिंहांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"परातीत पाणी घिऊन चालल्यागत," आकाराम आपणहून म्हणाला. "जरा कलली की समदं एकाच अंगाला."

"होय."

"सकाळच्याला पन हुतंच की त्ये."

"होतं. पण मजूर खाली बसून गेले, कोणी वाकलं नाही. गेल्या वर्षी बायका वाकल्या, तेव्हा पाणी नव्हतं. त्या दुपारी दोन्ही होतं."

आकारामने गाळाच्या रेघेवरून बोट फिरवले. "म्हंजे शालूला मी..."

हा प्रश्न विजयसिंहांनी एकतीस वर्षांत अनेकदा ऐकला होता. प्लाय दुसऱ्याने ठोकला, वाकल्या तिसऱ्याच, असे ते म्हणू शकले असते. ते खरेही होते. त्यांनी पट्टी खिशात ठेवली. नावेत पाणी साचले होते एवढेच लिहावे आणि ते ओतले कोणी हे गाळावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. पण पाणी कोणी ओतले हे कागदावर नसेल, तर संध्याकाळपर्यंत गाव ते माईने भरले म्हणेल, आणि दळणाचा डबा भरलेलाच राहील.

"त्या मीनीचं दळण बंद हाय न्हवं?" आकारामने विचारले.

"बारा दिवस."

"मग लिवा. माझं नाव घालून लिवा."

विजयसिंहांनी नावेच्या काठावरच कागद ठेवला. अहवाल पाच ओळींचा झाला.

"नाव तळाशी साचलेल्या सुमारे पाचशे चाळीस लिटर मोकळ्या पाण्यामुळे उलटली. लाकडी नावेच्या जुन्या रीतीप्रमाणे हे पाणी नावाडी आकाराम अंबी यांनी रोज ओतले होते. ग्रामपंचायतीने तळावर प्लायवूड ठोकल्यानंतर ते दिसेनासे झाले आणि उपसले गेले नाही. सात प्रवासी ओटी सोडण्यासाठी एकाच बाजूला वाकताच सर्व पाणी त्या बाजूला गेले. वाकली नाही अशी एकच प्रवासी होती, मीनाबाई."