जलपर्णीखालचं पाणी

क्वेनने पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि आधी स्वतःवरच चिडली. रंगांत काहीतरी गफलत झाली असणार, दुसरं काय! उपग्रहाने काल काढलेल्या त्या चित्रात अख्खा तालुका भाजून निघाला होता. बागा पिवळ्या, शेतं करडी, नदीकाठाला साचलेली जलपर्णीसुद्धा खारं पाणी लागून तपकिरी पडलेली. आणि त्या होरपळीत एकच चौकोन हिरवागार, डोळ्यांत खुपावा इतका.

तिने जागा तपासली, पुन्हा तपासली. चौकोन तिच्या स्वतःच्या गावाकडच्या घरामागे होता, ड्युरियनच्या फळबागेला लागून.

क्वेन प्रांताच्या पाणी कार्यालयात होती. समुद्राचं मीठ नदीतून किती वर चढलं आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देशांतल्या धरणांत किती पाणी उरलं, हे उपग्रहांच्या चित्रांवरून आणि नदीतल्या मोजमापांवरून काढायचं, हे तिचं काम. दर सकाळी तिचा अंदाज वाडीवाडीतल्या खांबांवरच्या भोंग्यांतून तिच्या नावानिशी वाचून दाखवत. लोक त्यावर बागेला पाणी द्यायचं की नाही ते ठरवत. ड्युरियनला मीठ चिमूटभरही सोसत नाही. एकदा चुकीचं पाणी पाजलं की वीस वर्षांचं झाड पंधरवड्यात पानं टाकतं.

या वर्षी मीठ तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधीच चढलं, आणि त्या धावपळीत क्वेनला सणालाही घरी जाता आलं नाही. तिच्या वाडीने शहाणपणा केला आणि वेळेत कालव्याची दोन्ही तोंडं मातीने बुजवून गोडं पाणी आत कोंडलं. प्रत्येक घराने आपल्या पाळीला थोडं थोडं उपसायचं, असं ठरलं. पाळ्या लावायला आणि पंपाची किल्ली सांभाळायला सर्वांनी एकमताने निवडलं तोआनला, म्हणजे क्वेनच्या थोरल्या भावाला. माणूस सरळ, शिवाय बहीण पाणी कार्यालयात. आणखी काय पाहिजे?

सणानंतर कालवा भराभर उतरू लागला. क्वेनने फोनवर विचारलं, तर दादा म्हणाला, "ऊन पितंय गं. माती पितेय. मी काय करू, कालव्यावर छत्री धरून बसू?"

ती हसली होती, आणि अंदाजात लिहून मोकळी झाली होती की कडक उन्हामुळे कालव्यातलं पाणी आटत आहे. दुसऱ्या दिवशी भोंग्याने ते साऱ्या वाडीला ऐकवलं.

आता तिने मागची चित्रं उघडली. पावसाळा सरताना त्या जागी रोपवाटिका होती. मग उकरलेली माती. मग हिरवा चौकोन. आणि चौकोन हिरवा होत गेला तसतशी शेजारची कालव्याची रेघ बारीक होत गेली. ही सगळी चित्रं तिच्याच यंत्रात होती. नदीचं मुख बघितलं, परदेशातली धरणं बघितली, स्वतःचं परसदार तेवढं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आणि मग तिला ते जेवण आठवलं. गेल्या पावसाळ्यात चिंच घातलेलं माशाचं कालवण होतं, सगळे भोवती बसले होते, आणि ती आपल्याच कामाची टर उडवत होती. "पाण्यावर जलपर्णी दाट वाढली ना, की वरून ते शेतच दिसतं. मी एकदा अख्खा तलाव शेत म्हणून मोजला!" सगळे खो खो हसले. दादाने जेवणाच्या काड्या हातातच धरून विचारलं होतं, "खरंच? अजिबात कळत नाही?" दादाला आपल्या कामात रस वाटतोय, याचा तिला केवढा आनंद झाला होता! घरी सगळे तिला उत म्हणत, म्हणजे शेंडेफळ. तिचं बोलणं इतकं कान देऊन आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

नेमकं आजच बाबांचं श्राद्ध होतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा काढलेलीच होती. फळांची टोपली स्कूटरला बांधून ती घरी पोचली.

अंगणात टेबलं मांडली होती. बदकाची करी, केळीच्या पानात उकडलेला चिकट भात, माशाचा रस्सा, सगळं जागच्या जागी. दरवर्षी निम्मी वाडी जेवायला येई. आज एकही खुर्ची भरलेली नव्हती. आई वाट्यांवरच्या काड्या सरळ करत होती, पुन्हा पुन्हा.

"आलीस? आधी उदबत्ती लाव बाबांना."

"मा, माणसं कुठेत?"

"येतील गं. एवढ्या उन्हाचं कोण निघतंय."

क्वेनने बाबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि तडक मागे गेली. रोपवाटिकेच्या जागी तळं खणलेलं होतं आणि त्यावर जलपर्णी गच्च माजली होती, वर जांभळी फुलं डोलत होती. तिने पानं बाजूला सारून ओंजळ भरली आणि जिभेला लावली. पाणी गोड होतं. मागे पावलं वाजली; दादा आला होता.

"कधी सांगणार होतास?"

"काय सांगायचं?" तो गोंधळला. "तुला दिसत नव्हतं?"

"दिसत असतं तर गप्प बसले असते?"

"म्हणजे काय! तुला वरून मुंगीसुद्धा दिसते."

"मुंगी नाही दिसत, दादा!"

"मला काय ठाऊक? तू भोंग्यावर सांगितलंस, ऊन पितंय म्हणून. मी आईला म्हटलं, बघ, आपली उत आपल्याला सांभाळून घेतेय."

"ते मी तुझ्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं."

"आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवून पाणी भरलं." आता त्याचा आवाज चढला. "जलपर्णीची युक्ती कुणाची? तूच दिलीस ना जेवताना? मला वाटलं, सरकारी माणूस, उघड कसं बोलणार, म्हणून हसत हसत सुचवतेय."

तिने त्याचा चेहरा न्याहाळला. लहानपणी दादा थापा मारायचा तेव्हा तिला बरोबर कळायचं. बाबांच्याही आधी कळायचं. आज मात्र तो खरं बोलतोय की तिचीच मान तिच्या शब्दांत अडकवतोय, तिला काही केल्या उमगेना. पाणी चोरलं त्याहून तिला हे जास्त लागलं.

आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. "आवाज खाली, उत. बाबांच्या हातची झाडं आहेत ती. मरू द्यायची का?"

"शेजाऱ्यांची मेली ती कुणाच्या हातची होती? मा, तुला माहीत होतं?"

"तू गप्प होतीस म्हणून तर मला झोप लागायची," आई म्हणाली. "म्हटलं, शिकलेली पोर बघतेय, म्हणजे फार वाईट नसेल."

कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला खात्री होती की राखणदार आत सामील आहे. क्वेनने पंपघराच्या खुंटीवरची किल्ली काढली. दादाने तिचा हात धरला.

"तळं उघडलंस तर या घरात पाय ठेवायचा नाही."

"हवं तर ओरडून सांग. ऐकायला पाहुणे नाहीतच," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला. आईने दोघांपैकी कुणालाच अडवलं नाही.

शेजारच्या ताम काकीकडे तिचं अर्धं बालपण गेलं होतं. पोहायला काकीने शिकवलं, आई आजारी असताना भरवलं काकीने. काकीच्या बागेत पाचोळा घोट्यापर्यंत साचला होता. थोडी झाडं अजून तग धरून होती. बाकीच्यांचे नुसते सांगाडे. काकी झोपाळ्यात पडून होती. ती उठली नाही.

"काकी, आमच्या मागे तळं आहे. कालव्यातलं पाणी आहे ते, तुमचं पाणी. नळी आणा, सगळ्यांना बोलवा. ही किल्ली."

"तळं माहीत आहे," काकी म्हणाली. "सगळ्या वाडीला माहीत आहे. एवढा खड्डा काय खिशात लपतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाकडे? पाळी लावणार तुझा भाऊ. कार्यालयात बसलेली तू. तक्रार लिहिली असती तर ती तुझ्याच टेबलावर आली असती ना?"

क्वेनने किल्ली तशीच पुढे धरली होती. "काकी, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. मी तिकडे बघितलंच नाही. मी खोटं नाही बोलले."

काकी झोपाळ्यातून उतरली. तिने किल्ली घेतली, भिंतीवरची नळी खांद्यावर टाकली आणि पहिल्यांदाच क्वेनकडे नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आम्हाला वाटायचं, ही पोर खोटं बोलतेय," काकी म्हणाली. "ते बरं होतं गं. निदान कुणीतरी बघतंय असं तरी वाटायचं."

आणि जिवंत झाडं मोजायला ती बागेत शिरली.