माझे अर्धवट निकाह

मी खरोखरचा काजी आहे असं अर्ध्या कैरोला वाटतं. उरलेल्या अर्ध्याला मी नट असल्याचं ठाऊक आहे, पण तेही रस्त्यात भेटले की हात पुढे करून म्हणतात, "मौलाना, आमचंही लावून टाका." फिक्री बहनसावी हे माझं नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. वाण्याचं बिलसुद्धा काजीसाहेबांच्या नावाने निघतं.

तरुणपणी नाट्यसंस्थेत मी राजे करायला शिकलो होतो. आवाज खणखणीत होता, छाती भरदार होती, आणि मरताना तर मी इतका सुंदर कोसळायचो की आमचे मास्तर टाळ्या वाजवायचे. बाहेर पडल्यावर राजाचं काम कोणी देईना. मग एका स्टुडिओत काजीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाची दाढ सुजली आणि मला धरून त्याचा फेटा माझ्या डोक्यावर बसवला. फेटा कानापर्यंत यायचा. तो सावरत मी लग्न लावायला बसलो आणि लाइटवाले वरून खिदळायला लागले. झालं. त्या दिवसापासून राजा मेला आणि काजी जन्माला आला.

त्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने मला बाजूला घेऊन एक ताकीद दिली होती. निकाहाचं वाक्य 'तुझ्या निकाहात' इथपर्यंत म्हणायचं आणि गप्प बसायचं, पुढचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. नायिका लग्न झालेली बाई होती. तिच्या नवऱ्याला त्यांच्या गल्लीतल्या मशिदीच्या शेखने सांगितलं होतं की निकाह ही थट्टेत करायची गोष्ट नाही, साक्षीदारांपुढे गमतीत जरी पुरा झाला तरी तो लागू होतो. नवरा रोज सेटवर येऊन कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि माझ्या ओठांकडे बघत राहायचा. पुढे सगळ्याच नट्यांचे नवरे, भाऊ, बाप हे मागायला लागले आणि तो माझ्यापुरता रिवाजच होऊन बसला.

आता वाक्य अर्ध्यावर तोडायचं म्हणजे तोडायला कोणीतरी दारातून यायला हवं. म्हणून लेखकांनी माणसं पाठवायला सुरुवात केली. पहिली बायको चप्पल घेऊन आली. पोलीस आले. सुरा परजत खाटीक आला, तो नवरीचा मामा निघाला. एका सिनेमात बोकड आला आणि त्याने निकाहात हातांवर टाकायचा पांढरा रुमाल खाल्ला. तो प्रसंग कथेत नव्हता, पण बोकडाने माझ्यापेक्षा चांगलं काम केलं म्हणून ठेवला. एका गंभीर सिनेमात कोणालाच आणायचं सुचेना, तेव्हा छताचा पंखा खाली पाडला. मी 'तुझ्या निकाहात' म्हटलं की थेटरातली माणसं पडद्यावर माझ्याकडे नाही, दाराकडे बघायची. दाराला माझ्यापेक्षा जास्त चाहते होते.

याचा त्रास घरच्या लग्नांत व्हायचा. मेहुण्याच्या लग्नात त्याच्या सासूने मला बालकनीत बसवून आतून कडी लावली होती. आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या गल्लीत निकाह असला की लोक मला मिठाई आदल्या दिवशीच पोचवतात, म्हणजे त्या दिवशी मी तिकडे फिरकू नये. मी मिठाई खातो आणि फिरकत नाही. नटाला लोकांनी एवढं खरं मानावं, याहून मोठं बक्षीस ते कोणतं, असं मी तहियाला, माझ्या बायकोला, सांगायचो. ती म्हणायची, बक्षीस बालकनीत घेतात होय.

पण लुबनाचं लग्न ठरलं आणि माझं हसू आटलं.

लुबना माझी नात, मला गिद्दो म्हणजे आजोबा म्हणणारी. माझा मुलगा वजीह ती शाळेत असतानाच हृदयविकाराने गेला. तिची आई नोकरीवर जायची आणि मी हिला स्टुडिओत घेऊन जायचो. नकली दाढ्यांच्या पेटीत डोकं ठेवून ती झोपायची. बाप नाही, तर निकाहात तिच्या वतीने वकील मी व्हायचं. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. नवऱ्यामुलाचा हात हातात धरायचा, अंगठ्याला अंगठा लावायचा, त्यावर रुमाल पडतो, आणि काजी सांगेल तसं म्हणायचं की मी ही मुलगी तुला देतो. जन्मभर मी जे वाक्य म्हटलं तेच ते, फक्त या वेळी मुलगी माझी होती.

मुलगा हातिम तांता शहरचा, औषधाच्या दुकानात बसणारा, लाजाळू पोरगा. त्याला बाप नव्हता. वाढवलं ते काका हाजी दसूकींनी, ज्यांचा तांत्यात हलव्याचा कारखाना आहे. बोलणी करायला आले तेव्हा हाजींनी जेवण नावाजलं, पडदे नावाजले आणि मग हात पुसत म्हणाले, "उस्ताद, राग मानू नका. सगळ्या मिसरला माहीत आहे, या माणसाने तोंडात घेतलेला एकही निकाह पार पडलेला नाही. मुलीच्या मामाला वकील करा. मला अपशकुन नको."

मी हसून दाखवलं. हसून दाखवायचाच माझा धंदा. खरं म्हणजे मला ते लागलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मला ते पटलं. मी म्हणालो, ठीक आहे, मामा होईल, त्यात काय एवढं.

लुबना सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला. "गिद्दो वकील नसतील तर निकाह नाही," ती म्हणाली, "कोणाचाच अपशकुन नको मग."

हाजी दसूकींनी एवढ्या स्पष्ट बोलणाऱ्या मुली तांत्यात पाहिल्या नसाव्यात. हातिम सतरंजीकडे बघत पुटपुटला की त्यालाही तेच वाटतं. शेवटी हाजी कबूल झाले, पण अट घातली. वाक्य एकदाच म्हणायचं, सरळ म्हणायचं. कोणी हसलं किंवा मध्ये काही विघ्न आलं तर ते पुतण्याला उठवून तांत्याला घेऊन जातील. ते थट्टा करत नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी तालमीला लागलो. आरशासमोर म्हणून पाहिलं, दाढी करताना म्हणून पाहिलं. तहियाचा हात धरून म्हणायला गेलो तर ती म्हणाली की ती आधीच एकदा फसली आहे. 'तुझ्या निकाहात' इथपर्यंत वाक्य लोण्यासारखं यायचं, आणि पुढे माझं तोंड आपोआप मिटायचं. तहिया म्हणाली, "सबंध आयुष्य गेलं, तुला एक वाक्य पुरं करता येत नाही." ती चिडवत होती, पण तिच्या आवाजातही काळजी होती.

निकाह आमच्याच दिवाणखान्यात होता. खरा काजी शेख शिहाता आला, जाडजूड, भला माणूस. दारातच त्याने माझा हात दाबला आणि कानात सांगितलं की लहानपणापासून तो माझे सिनेमे बघत आलाय, म्हणून कृपा करून मी त्याच्याकडे बघू नये, त्याला हसू आवरणार नाही. हाजी दसूकी समोरच बसले होते, आणि निघायची घाई असल्यासारखी गाडीची किल्ली त्यांनी मुठीत धरली होती. गल्लीतले लोक जिन्यापर्यंत उभे होते. आम्ही बंद करून ठेवलेलं दार कोणीतरी हवेसाठी सताड उघडलं होतं.

हातिमचा अंगठा घामाने ओला होता. माझाही. शेख शिहाताने रुमाल टाकला, वर आपला हात ठेवला, आणि भिंतीकडे बघत मला एकेक तुकडा सांगायला लागला. मी म्हणत गेलो. अल्लाच्या आणि त्याच्या प्रेषिताच्या रीतीप्रमाणे, माझी नात लुबना वजीह, तिच्या संमतीने, तुझ्या निकाहात.

आणि मी थांबलो.

मी ठरवून थांबलो नाही. जीभच थांबली. त्या क्षणी दिवाणखान्यातली झाडून सगळी माणसं दाराकडे बघायला लागली. माझी बहीण, मामा, शेजारी, जिन्यातले लोक मागे वळून, शेख शिहातासुद्धा. हातिमने बघितलं. काय सांगू, मीही बघितलं. दारात कोणी नव्हतं. मागे कोणीतरी नाकातून हसलं. हाजी दसूकींनी गुडघ्यावर हात टेकले आणि ते उठायला लागले.

माझं डोकं रिकामं झालं होतं. मला वाक्याचा पुढचा भाग आठवत नव्हता असं नाही. तो म्हणायचा असतो हेच आठवत नव्हतं.

लुबना पलीकडच्या सोफ्यावर आईजवळ बसली होती. ती दाराकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि लहानपणी मला संवाद आठवला नाही की ज्या हळू आवाजात ती सांगायची, त्याच आवाजात म्हणाली, "गिद्दो, कोणी येणार नाहीये."

मी हातिमचा हात घट्ट धरला. "तुझ्या निकाहात देतो," मी म्हणालो. राजाचं काम करायला शिकलो होतो तो आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला. कोणी हसलं नाही. हातिम म्हणाला, "मला कबूल आहे."

मग बायकांनी जिभा लववून जो काही आनंदाचा कल्ला केला, त्याने खिडकीतली कबुतरं उडाली. पोरींनी रुमालासाठी झोंबाझोंबी केली, तो जिच्या हाती लागेल तिचं लग्न पुढचं म्हणतात. शेख शिहाता डोळे पुसत मला म्हणाला की उस्ताद, आज तुम्ही मला रडवलंत, आणि तक्रार केल्यासारखा चेहरा केला. हाजी दसूकी आले, त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. एवढी दाद मला कुठल्याच थेटरात मिळाली नव्हती, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही.

जेवणं झाली आणि तांत्याच्या गाड्या निघायच्या झाल्या. सिनेमात 'कट' म्हटलं की नवरी तोंडावरचा रंग पुसायची, डोक्यावरची नवरीची जाळी कपडेवाल्या बाईकडे फेकायची आणि आपल्या घरी जायची. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या नवऱ्या संध्याकाळी आपापल्या घरी होत्या. लुबनाने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, गाडीत बसली, झगा सावरून आत ओढला आणि दार लावून घेतलं. मी हसत हात हलवला, आणि गाडी सुरू होईपर्यंत कोपऱ्यावर डोळे लावून उभा राहिलो. खाटीक, पोलीस, पहिली बायको, बोकड, कोणीतरी धावत यावं आणि ओरडून सगळं थांबवावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

गाडी वळली. तहियाने माझा दंड धरला आणि म्हणाली, चल वर, दार उघडं राहिलंय.