वास गेला त्या सकाळी

रोटोरुआत जमिनीखाली गरम झरे आहेत, त्यांच्या गंधकाच्या वासाची आम्हाला सवय आहे. पाहुणे नाक मुरडतात, आम्ही हसतो. झऱ्यांतून निघणारा हा विषारी वायू मोटेलांच्या खोल्यांमध्ये मोजणं हेच माझं काम.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी नायरी मावशीकडे गेले होते. चहा ओतता ओतता ती म्हणाली, "पारे, काकाला टॉवेल द्यायला परसातल्या झऱ्याच्या न्हाणीघराच्या दारात गेले होते. आज तिथं वास अजिबात नाही बघ. वाऱ्याचं भोकही त्यानं पोत्यांनी बुजवलंय. म्हातारा गारठतो ना!"

हा वायू थोडा असला तर नाकाला झोंबतो. फार झाला की नाकच बधिर होतं, मग माणूस कोसळतो.

जाकिटावरचं यंत्र चालू करून मी परसात धावले. काड्यापेटीएवढं यंत्र, वायूचा अंश आत शिरला की त्यातल्या आम्लात बारीकशी वीज उठते, तिचाच आकडा दिसतो. दहा पावलांवर आठ. दारापाशी एकशे चाळीस, शंभराच्या वर जिवाला धोका. यंत्र किंचाळायला लागलं.

"केरेआमा काका!"

मावशी दाराकडे झेपावली. मी तिच्या कंबरेला मिठी मारून तिला मागे ओढलं.

"सोड मला! माझा माणूस आत आहे!"

"तू गेलीस तर दोघंही आतच राहाल, मावशी! अग्निशमनवाल्यांना फोन कर!"

मी फावड्यानं खिडकी फोडली, बाहेरून पोती उपसली, दार सताड उघडलं आणि वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले. काकांचा पांढरा हात हौदाच्या काठावर लोंबत होता. एकशे दहा. सत्तर. आणि तेव्हाच आठवलं, यंत्र तपासून घ्यायची तारीख महिन्यापूर्वीच उलटली होती. आकडा खोटा असला तर? मावशी रडत मला शिव्या देत होती. "बघत काय राहिलीस, भित्रे!" भित्रीच होते मी.

वीस दिसल्यावर श्वास कोंडून मी आत शिरले. काखेत हात घालून काकांना फरफटत गवतावर आणलं. त्यांची छाती अगदी हलकेच, पण हलत होती. मावशीनं त्यांच्या गालांवर चापट्या मारायला सुरुवात केली. "मेलास तर बघ!"

नऊ दिवसांनी काका इस्पितळातून घरी आले. हातांचा कंप कायमचा राहिला. मावशीनं न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट उखडून काढलंय. आंघोळीला बसले की काका कुडकुडत तिच्या नावानं ओरडतात. ती परसातच बटाटे सोलत बसते आणि त्यांचा आवाज थांबला की उठून आत डोकावते.